आय-ट्रॅकर मिळाला नाही, म्हणून विषय सोडू का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, कॉलेज जिल्ह्याच्या गावी. लघुप्रबंधाचा विषय ‘मोबाइलचा वापर आणि अवधान’. त्यांनी २६ विद्यार्थ्यांना मोबाइलवर लिंक पाठवून एक प्रयोग केला. स्क्रीनवर ४, ८ किंवा १६ अक्षरं येतात, सगळी ‘व’. काही वेळा त्यात एक ‘ब’ असतो. तो दिसला तर ‘आहे’ दाबायचं, नसला तर ‘नाही’. प्रत्येकी १५० फेऱ्या, त्यातल्या ३० फेऱ्यांतच ‘ब’. अक्षरं ४ वरून १६ झाली तरी ‘ब’ सापडायला लागणारा वेळ फारसा वाढला नाही, पण ‘ब’ नजरेतून सुटण्याचं प्रमाण ६ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेलं. पुस्तकात ‘नाही’ म्हणायला जास्त वेळ लागतो असं दिलंय, इथे ‘नाही’च आधी येतंय. मोबाइलच्या तासांशी सहसंबंध ०.३ आला, तोही सार्थ नाही. मार्गदर्शक सरांचं म्हणणं, मुलांनी मन लावून केलं नाही, आणि आय-ट्रॅकरशिवाय (नजर कुठे पडते ते टिपणाऱ्या यंत्राशिवाय) लक्षाचा अभ्यास कोणी मानणार नाही. आय-ट्रॅकर मिळत नसेल तर सरळ प्रश्नावली घे, असं ते सुचवतात. हातात चार महिने आहेत. डेटा टाकून द्यावा, आय-ट्रॅकरसाठी मोठ्या शहरातल्या संस्थेकडे खेपा घालाव्यात, की विषयच बदलावा?

उत्तर:

तुमच्या आकड्यांत गोंधळ दिसत नाही. तुम्ही प्रयोग जसा बांधला, त्याला साजेसंच उत्तर मुलांनी दिलंय. म्हणून आय-ट्रॅकरचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि आधी त्या ३० आणि १५० या आकड्यांकडे बघू.

दर पाच फेऱ्यांत एकदाच ‘ब’ येतो, हे सहभागी माणसाच्या लवकरच ध्यानात येतं. डोळे मिटून प्रत्येक वेळी ‘नाही’ दाबलं तरी ८० टक्के उत्तरं बरोबर येतात. मग शोध कधी थांबवायचा याची मनातली मर्यादा खाली येते, आणि ‘नाही’कडे कल वाढतो. जेरेमी वोल्फ, टॉड होरोविट्झ आणि नाओमी केनर या संशोधकांनी २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हेच दाखवलं होतं. शोधायची वस्तू निम्म्या फेऱ्यांत असताना ती सुटण्याचं प्रमाण ७ टक्के होतं, दहा टक्के फेऱ्यांत असताना १६, आणि एकच टक्का फेऱ्यांत असताना ३०. विमानतळावर बॅगा तपासणाऱ्यांपासून मॅमोग्राम (स्तनांचे एक्स-रे) वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या दृष्टीने हा मोठा प्रश्न आहे, कारण त्यांच्याकडे ‘वस्तू’ क्वचितच असते. तुमच्या मुलांवर निष्काळजीपणाचा शिक्का मारायचं कारण नाही. कोणीही असंच वागलं असतं.

आता सपाट दिसणारा वेळ. आपण प्रतिक्रिया काळ (अक्षरं दिसल्यापासून बटण दाबेपर्यंतचा वेळ) फक्त बरोबर उत्तरांचा धरतो. १६ अक्षरांच्या स्क्रीनवर ज्या ‘ब’ला शोधायला दीड सेकंद लागला असता, तिथे मुलं सेकंदाच्या आतच ‘नाही’ दाबून मोकळी झाली. ते उशिराचे सगळे ‘ब’ चुकांच्या रकान्यात गेले आणि सरासरीत फक्त चटकन सापडलेले उरले. त्यामुळे आलेखातली वेळेची रेघ सपाट दिसते आणि ‘ब’ गर्दीतून आपोआप उठून दिसतो असा भास होतो. ६ वरून २९ टक्के हा आकडा त्या भासाविरुद्धचा तुमच्याच हातातला पुरावा आहे. दृश्य शोधाच्या कुठल्याही अहवालात वेळेच्या तक्त्याशेजारी चुकांचा तक्ता असलाच पाहिजे, आणि तोही ‘असलेलं सुटलं’ व ‘नसलेलं दिसलं’ असा वेगळा केलेला.

हे सरांना पटवायचं असेल तर वाद घालू नका. वर्गातल्या सहा जणांवर तोच प्रयोग दोनदा करा, एकदा २० टक्के फेऱ्यांत ‘ब’, एकदा ५० टक्के. तिघांना आधी हे, तिघांना आधी ते. दोन तक्ते शेजारी ठेवून दाखवा. एका दुपारचं काम आहे.

आता आय-ट्रॅकर. सरांच्या म्हणण्यामागे एक गृहीतक आहे: डोळा जिथे, तिथे लक्ष. बहुतेक वेळा दोन्ही एकत्र हिंडतात हे खरं, पण ते एक नाहीत. नजर एका जागी खिळवून लक्ष दुसरीकडे नेता येतं, हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच अंधाऱ्या पेटीत ठिणगीचा क्षणिक उजेड पाडून दाखवलं होतं. मानसशास्त्रज्ञ मायकेल पॉस्नरचं १९८० चं सगळं काम डोळे न हलवता सरकणाऱ्या लक्षावरच उभं आहे, आणि त्यात मोजमाप होतं बटण दाबायच्या वेळेचं. उलट बाजूचं उदाहरण २०१३ चं आहे. ट्रॅफ्टन ड्र्यू, मेलिसा व्हो आणि वोल्फ यांनी फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं. ते नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं होतं. २४ पैकी २० रेडिओलॉजिस्टना ते दिसलं नाही, आणि आय-ट्रॅकरच्या नोंदीनुसार त्यातल्या बहुतेकांची नजर थेट गोरिलावर पडली होती. नजर होती, लक्ष नव्हतं.

याचा अर्थ ते यंत्र निरुपयोगी आहे असा अजिबात नाही. वस्तू सुटली तेव्हा नजर तिथवर पोचलीच नव्हती, की पोचून ओळख पटली नाही, की बराच वेळ रेंगाळूनही निर्णय चुकला, हा फरक यंत्राशिवाय करता येत नाही. कुंडेल आणि नोडीन यांनी छातीच्या एक्स-रेवर काम करताना सत्तरच्या दशकात चुकांची हीच तीन प्रकारांत विभागणी केली. तुमचा प्रश्न हा असेल तर खेपा घाला. तसा तो नाही. ‘ब’ शोधताना दर वाढीव अक्षरामागे किती मिलिसेकंद लागतात (यालाच उतार म्हणतात), हा तुमचा प्रश्न. तो प्रतिक्रिया काळानेच सुटतो, आणि ॲन ट्रेझमन व गॅरी जेलाड यांच्या १९८० च्या निबंधापासून या क्षेत्राचा मोठा भाग याच मोजमापावर उभा राहिलाय.

लॅपटॉपच्या वेबकॅमवर चालणाऱ्या आय-ट्रॅकिंगचाही मोह टाळा. त्याची चूक साधारण ४ अंशांची (डोळ्यापाशी होणाऱ्या कोनाच्या) असते, चांगल्या प्रयोगशाळेतल्या यंत्राची अर्ध्या अंशाच्या आसपास. ५७ सेंटिमीटरवरून पाहताना पडद्यावरचा १ सेंटिमीटर म्हणजे १ अंश. तुमची अक्षरं ३ सेंटिमीटर अंतरावर असतील तर कुठल्या अक्षराकडे बघितलं हेच तो सांगू शकणार नाही. आणि कधी खरं यंत्र मिळालंच, तर सहभागींना काजळ, मस्कारा लावून येऊ नका असं आधी कळवा. बाहुलीची कड शोधताना यंत्र त्या काळ्या रेघेला फसतं.

मोबाइल आणि अवधान या जोडीबद्दल मात्र मी तुम्हाला थांबवेन. ०.३ हा सहसंबंध २६ जणांवर आला, तर खरा आकडा ९५ टक्के विश्वासपातळीला उणे ०.१० ते अधिक ०.६२ यात कुठेही असू शकतो. म्हणजे यातून काहीच ठरत नाही. ०.३ चा सहसंबंध पकडायची ८० टक्के शक्यता हवी असेल तर साधारण ८५ माणसं लागतात. तेवढी जमवलीत तरी दुसरी अडचण उभी राहते. एका माणसाच्या प्रतिक्रिया काळात फेरीगणिक साधारण ३०० मिलिसेकंदांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) धरा. तुमच्याकडे प्रत्येक सेट साइजला (एका स्क्रीनवरच्या अक्षरसंख्येला) ‘ब’ असलेल्या दहा फेऱ्या. त्या सरासरीची प्रमाण त्रुटी (योगायोगाने पडणारा फरक) ९५ मिलिसेकंद, दोन सरासऱ्यांच्या फरकाची १३४, आणि तो फरक १२ अक्षरांत वाटला की दर अक्षरामागे ११ मिलिसेकंद. २० ते ३० चा उतार मोजायला निघालेल्या पट्टीत ११ ची चूक! गटाची सरासरी काढताना ही चूक विरघळते, माणसामाणसांत तुलना करताना विरघळत नाही. प्रयोगशाळेत हमखास येणारे परिणाम व्यक्तिभेद मोजायला अनेकदा कुचकामी ठरतात, हे क्रेग हेज आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सविस्तर मांडलंय. त्यात मोबाइलचे तास मुलांनी अंदाजाने सांगितलेले. फोनमधली वापराची नोंद बघून लिहिले असते तर थोडा भरवसा धरता आला असता.

प्रश्नावली घ्यायला हरकत नाही, पण आपल्या लक्षाबद्दल माणसाला काय वाटतं एवढंच तिच्यातून कळेल. तो वेगळा अभ्यास झाला.

आणि मोबाइलच्या तासांमागे एवढं धावायची गरजही नाही, कारण तुमच्या हातात एक उत्तम प्रश्न आधीच आलाय. ‘ब’ आणि ‘व’ यांच्यात फरक पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. ट्रेझमन आणि जॅनेट साउदर यांनी १९८५ मध्ये दाखवलं की साध्या वर्तुळांच्या गर्दीत शेपटी असलेलं वर्तुळ पटकन सापडतं, पण शेपटीवाल्यांच्या गर्दीत बिनशेपटीचं शोधायला वेळ लागतो. तांदळातला काळा खडा चटकन दिसतो, पांढरा दिसत नाही, ही झाली सोपी गोष्ट. इथे त्याच दोन वस्तूंची अदलाबदल केली की काम अवघड होतं, ही खरी गंमत. मग ‘व’मधला ‘ब’ सोपा आणि ‘ब’मधला ‘व’ अवघड ठरतो का? ‘प’ आणि ‘ष’चीही तीच रचना. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ या जोड्यांत तर शिरोरेखा तुटलेली की अखंड, हा मुख्य फरक. मराठी वाचणाऱ्या मुलांवर, मराठी अक्षरांवर हे नीट करून बघणं हा एम.ए.च्या लघुप्रबंधाला पुरेसा, किंबहुना भरगच्च विषय आहे. ‘देवनागरी अक्षरांच्या दृश्य शोधातील असममितता’ असं शीर्षक ठेवा आणि विषयबदलाचा अर्ज याच आठवड्यात द्या.

आता बांधणी. प्रयोग मोबाइलवर घेणं सोडा. लहान पडद्यावर १६ अक्षरं बसवायची तर ‘ब’च्या पोटातली रेघ इतकी बारीक होते की आपण लक्षाऐवजी दृष्टीची धार मोजू लागतो. एकच लॅपटॉप, एकच खोली, एकेक सहभागी. अंतर ५७ सेंटिमीटर राहावं म्हणून पडद्याच्या वरच्या कडेला तेवढ्या लांबीची सुतळी चिकटवा, दर विश्रांतीनंतर तिचं टोक कपाळाला टेकवून अंतर बघा. हनुवटी टेकायला स्टँड असला तर छानच, सुतारही करून देईल. चष्मा असणाऱ्यांनी चष्मा लावायचा.

अक्षरं टाइप करून दाखवू नका, चित्रं म्हणून दाखवा. एकाच फॉन्टमध्ये, समजा मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीमध्ये, मोठ्या आकारात टाइप करून पीएनजी फाइल काढा. नाहीतर दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलतो, कधी अक्षराऐवजी चौकोन येतो, आणि ते तुम्हाला आठवड्याने कळतं. अक्षराची उंची १.२ सेंटिमीटर. पडद्यावर ६ गुणिले ६ घरांची अदृश्य जाळी आखा, घर ३ सेंटिमीटरचं. १४ इंची पडद्यावर उंची पुरत नाही, तिथे २.७ चं. मधली चार आणि कोपऱ्यातली चार घरं रिकामी ठेवा, उरली २८. दर फेरीत त्यातली ४, ८ किंवा १६ घरं यादृच्छिक निवडायची आणि प्रत्येक अक्षर घरात इकडे-तिकडे ४ मिलिमीटरपर्यंत सरकवायचं. हे सरकवणं देवनागरीत फार महत्त्वाचं. शेजारची अक्षरं एका ओळीत आली की शिरोरेखा जुळतात आणि डोळा त्यांना शब्द समजून एकत्र बांधतो. मग तुटलेली शिरोरेखा शोधायला लावणाऱ्या जोडीत तर सगळाच निकाल बिघडतो.

आणखी एक सापळा जागेचा. मध्यापासून दूरची वस्तू उशिरा सापडते, आणि कडेला शेजारची अक्षरं एकमेकांना पुसट करतात. हा गर्दीचा परिणाम टाळायला मध्यापासूनच्या अंतराच्या साधारण निम्मं अंतर दोन अक्षरांत लागतं, आणि तुमच्या जाळीत काठाला तेवढं मिळत नाही. म्हणून निदान त्याचा त्रास सगळ्या सेट साइजना सारखा वाटला जाईल असं बघा. आतल्या कड्यात १२ घरं आहेत, बाहेरच्यात १६. प्रत्येक सेट साइजला लक्ष्य (शोधायचं अक्षर) असलेल्या ४२ फेऱ्या ठेवा, १८ वेळा ते आत, २४ वेळा बाहेर. सगळं नशिबावर सोडलं तर ४ अक्षरांच्या फेऱ्यांत ते मध्याजवळ जास्त वेळा पडू शकतं, आणि तुमचा उतार लक्षाचा न राहता जागेचा होतो.

तीन सेट साइज, लक्ष्य आहे किंवा नाही, आणि दोन दिशा (‘व’मध्ये ‘ब’, ‘ब’मध्ये ‘व’) असे १२ प्रकार. गुणिले ४२ म्हणजे ५०४ फेऱ्या. फेरीला अडीच सेकंद धरले तर २१ मिनिटं, सूचना, सराव आणि विश्रांती धरून पाऊण तास. दोन दिशांचे दोन वेगळे भाग करा, निम्म्यांना आधी एक, निम्म्यांना आधी दुसरा. भागाच्या आत मात्र सेट साइज आणि आहे-नाही पूर्ण मिसळलेलं हवं. ४ आणि १६ चे वेगळे गठ्ठे केले तर माणूस गठ्ठ्यानुसार आपला वेग बदलतो. प्रत्येक भागाआधी २४ सरावाच्या फेऱ्या, मध्ये दर ६३ फेऱ्यांनी विश्रांती. फेरीची सुरुवात मध्यावरच्या अधिकच्या खुणेने, अर्धा सेकंद. मग अक्षरं, उत्तर येईपर्यंत किंवा ६ सेकंद. चुकलं की ‘चूक’ हा शब्द पूर्ण एक सेकंद. हा एक सेकंद घाई करणाऱ्याला आपोआप सावरतो. ‘आहे’ची कळ निम्म्यांना उजव्या हाताला, निम्म्यांना डाव्या.

हे सगळं सायकोपाय किंवा ओपनसेसमी या संगणक-प्रोग्रॅममध्ये फुकट होतं. पडदा ६० हर्ट्‌झचा असेल तर चित्र १६.७ मिलिसेकंदांच्या टप्प्यानेच बदलतं, आणि साध्या कीबोर्डचाही थोडा उशीर असतो. याची फार धास्ती घेऊ नका. सगळ्या फेऱ्यांत सारखाच असलेला उशीर रेघेच्या आरंभबिंदूत (रेघ जिथून सुरू होते त्या वेळेत) जातो, उताराला धक्का लावत नाही. धक्का लावतात त्या मध्येच येणाऱ्या सूचना, अँटिव्हायरस आणि बॅटरी वाचवायची सेटिंग. वायफाय बंद, चार्जर जोडलेला.

विश्लेषणाचे नियम डेटा घेण्याआधी लिहून त्यावर सरांची सही घ्या. २०० मिलिसेकंदांच्या आतलं उत्तर बाद, ६ सेकंद उलटलेली फेरी चूक, एकूण चुका १५ टक्क्यांहून जास्त असलेला सहभागी वगळायचा. ३० जण पुरेत. प्रत्येकाचा उतार वेगळा काढायचा, एक्सेलमध्ये स्लोप फंक्शन आहेच. समजा एकीच्या सरासऱ्या ४, ८, १६ ला ६४०, ७४०, ९४० आल्या, तर उतार दर अक्षरामागे २५ आणि आरंभबिंदू ५४०. मग दोन दिशांच्या उतारांची युग्मित टी-चाचणी (त्याच माणसांच्या दोन आकड्यांची तुलना), जास्प या सांख्यिकीच्या प्रोग्रॅममध्ये पाच मिनिटांत. सर्वांचा डेटा एकत्र ओतून एकच रेघ काढू नका.

निष्कर्ष लिहिताना हात जरा आखडता ठेवा. १० च्या आतल्या उताराला कार्यक्षम शोध म्हणतात. २० ते ३०, आणि ‘नाही’साठी त्याच्या दुपटीच्या आसपास, हा अवघड शोधाचा नेहमीचा नमुना. पण मध्ये भिंत नाही. वोल्फने १९९८ मध्ये दहा लाख फेऱ्यांचे उतार एकत्र मांडले, तेव्हा दोन वेगळे ढीग दिसले नाहीत, एकच सलग पसारा दिसला. तेव्हा ‘एकेक अक्षर तपासलं’ आणि ‘सगळी एकदम तपासली’ अशी वाटणी केवळ उतारावरून करू नका. मर्यादित क्षमतेची एकदम चालणारी प्रक्रियाही तशीच चढती रेघ देऊ शकते. आणि परीक्षक विचारतीलच, हा परिणाम रेघेचा की अक्षर किती ओळखीचं आहे याचा? त्यासाठी दहा-बारा जणांवर हाच प्रयोग अक्षरं उलटी करून घ्या. रेघ तिथेच राहते, सराव जातो.

असाच प्रयोग ऑनलाइन करण्यावाचून ज्यांना गत्यंतर नाही, त्यांनी निदान संगणकच सक्तीचा करावा आणि सुरुवातीला एटीएम कार्ड पडद्यावर धरून चौकोन त्याच्या मापाचा करायला सांगावा. कार्डाची रुंदी सगळीकडे ८.५६ सेंटिमीटर असते, त्यावरून अक्षरांचा आकार ठरवता येतो. अंतर मात्र सांगण्यावरच सोडावं लागतं.

संमतीपत्र आणि नैतिकता समितीची परवानगी नव्या प्रयोगासाठी पुन्हा घ्यावी लागेल, तो अर्ज विषयबदलाच्या अर्जासोबतच द्या. जुन्या २६ जणांचा डेटा नव्यात मिसळू नका, टाकूही नका. प्राथमिक अभ्यास म्हणून त्याला वेगळं छोटं प्रकरण द्या, त्यात सहा जणांवरची २० आणि ५० टक्क्यांची तुलना जोडा, आणि पुढची बांधणी का बदलली ते त्या आकड्यांवरूनच लिहा.